सल्ला हवा : व्हायरस येऊच नये म्हणून कोणती ऑपरेटिंग सिस्टीम टाकू?

चाफेकळी
नमस्कार मंडळी. घरात एकच डेस्कटॉप आहे, सगळे मिळून वापरतो. इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. मध्यंतरी व्हायरस शिरला. ब्राउझर भलतीच पानं उघडायला लागला आणि माझ्या ईमेलवरून ओळखीच्या लोकांना विचित्र लिंका गेल्या. एकाने सगळं पुसून विंडोज १० परत टाकून दिली. पण तिला आता अपडेट येणार नाहीत म्हणे, तेव्हा बदलायची तर आत्ताच बदलेन म्हणते.
वापर: बँक, ईमेल, फोटो, सासऱ्यांची हिशेबाची एक्सेल फाईल (मॅक्रोवाली, म्हणजे बटण दाबलं की ठरलेली कामं आपोआप करणारी), प्रिंटर-स्कॅनर, मराठी टायपिंग, मुलाचा अभ्यास आणि गेम.
अटी दोनच. नवीन मशीन घ्यायचं नाही आणि कशालाही पैसे घालायचे नाहीत. ज्यात व्हायरस येतच नाही अशी सिस्टीम सुचवा.

टर्मिनलवेडा
लिनक्स. विषय संपला.

फळवाला
ॲपलचा मॅक घ्या ताई. आमच्याकडे घरात सगळ्यांकडे मॅक आहेत, अँटिव्हायरस हा प्रकार मी विसरूनच गेलोय. एकदाच खर्च, मग डोक्याला ताप नाही.

चाफेकळी
दादा, नवीन मशीन घ्यायचं नाही असं वर लिहिलंय.

फळवाला
वाचलं की. पण तुमचं आहे ते मशीन म्हातारं झालंय. आज ना उद्या घ्यावं लागणारच, मग मॅकच घ्या.

फ्लॉपीकाका
मॅकला व्हायरस येत नाही ही अफवा अजून जिवंत आहे हे पाहून गंमत वाटली. २०१२ साली फ्लॅशबॅक नावाच्या प्रकाराने जावामधल्या भोकातून सहा लाखांच्या आसपास मॅक धरले होते. २०२३ पासून ॲटॉमिक नावाचा पासवर्डचोर खास मॅकसाठी विकला जातोय. आणि घरगुती कॉम्प्युटरवर मोकाट पसरलेला पहिला व्हायरस कुठला? एल्क क्लोनर, १९८२. कुठल्या मशीनवर? ॲपल टू! एका शाळकरी पोराने लिहिला होता, फ्लॉपीवरून पसरायचा आणि पन्नासाव्या वेळी मशीन चालू केलं की पडद्यावर कविता दाखवायचा.

बिनधास्त_बोका
पहिला व्हायरस ब्रेन हो काका. १९८६, लाहोरचे दोघे भाऊ. त्यांनी आत स्वतःचा पत्ता आणि फोन नंबरसुद्धा घातला होता.

फ्लॉपीकाका
ब्रेन हा आयबीएम पीसीवरचा पहिला. मी घरगुती कॉम्प्युटर म्हटलं. नीट वाचत चला.

बिनधास्त_बोका
मग तसं तर १९७१ चा क्रीपर पहिला. इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या नेटवर्कवर फिरायचा.

फ्लॉपीकाका
अर्पानेट तुमच्या घरी होतं का?

चाफेकळी
माझ्या प्रश्नाचं काय झालं? :)

सरळमार्गी
काही टाकायची गरज नाही. विंडोज १० उत्तम चालते. मी अपडेट कधीच बंद करून टाकलेत, मशीन हलकं राहतं. माझ्याकडे आजवर एकही व्हायरस आला नाही.

रात्रपाळी
आलेला कळला नाही, असं म्हणा. आजकालचे चोर पडद्यावर कवटी नाचवत नाहीत. ब्राउझरमधले पासवर्ड आणि कुकीज (तुमचं लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या फायली) उचलतात, पाठवतात आणि गप बसतात.

चाफेकळी, तुमच्या मेलवरून लिंका गेल्या म्हणजे बहुतेक तेच झालंय. सिस्टीम कुठलीही टाका, आधी हे करा: दुसऱ्या स्वच्छ फोनवरून किंवा मशीनवरून ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदला, ‘सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट’ करा, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. कुकी चोरीला गेली असेल तर चोराला पासवर्ड लागतच नाही, त्याचं लॉगिन चालूच असतं. मशीन पुसल्याने तुमची हार्ड डिस्क साफ झाली, त्याच्याकडे गेलेली माहिती परत आली नाही. मेल दुसरीकडे वळवण्याचा एखादा नियम त्याने तुमच्या खात्यात लावून ठेवला नाही ना, तेही पाहा.

टर्मिनलवेडा
म्हणूनच म्हणतो लिनक्स. त्यातली मिंट नावाची आवृत्ती टाका. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, पैसे लागत नाहीत, ८ जीबीत आरामात चालते. हार्ड डिस्क फिरती असेल तर एक्सएफसीई आवृत्ती घ्या, हलकी आहे. सॉफ्टवेअर एकाच ठिकाणाहून येतं, कुठल्याही पानावरून काहीबाही उतरवावं लागत नाही. आणि उतरवलेली फाईल आपोआप चालू होत नाही, तिला चालवायची परवानगी तुम्ही द्यावी लागते.

कळफलक
+१ मिंट. मराठी टायपिंगचंही अडत नाही, इन्स्क्रिप्ट कळफलक त्यात असतोच.

जांभूळवाट
मिंटला अनुमोदन. पण सुरुवातीला पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघा, हार्ड डिस्कला हात न लावता. प्रिंटर, स्कॅनर, वायफाय चालतंय का ते तिथेच कळतं. माझ्या स्कॅनरला लिनक्सचा ड्रायव्हरच नव्हता. कंपनीला लिहिलं तर उत्तरही नाही. शेवटी स्कॅन फोननेच करते.

सरळमार्गी
मिंटची वेबसाइट हॅक झाली होती ना?

टर्मिनलवेडा
एकदा झाली होती, २०१६ च्या फेब्रुवारीत. त्यांनी स्वतःच जाहीर केलं.

सरळमार्गी
म्हणजे झाली होती.

रात्रपाळी
झाली होती. चोरट्यांनी डाउनलोडची लिंक बदलून मागचं दार ठेवलेली आयएसओ (सिस्टीम बसवायची फाईल) दिली होती. म्हणून फाईल उतरवल्यावर तिचा चेकसम (फाईल बदलली का ते सांगणारा आकडा) जुळवून बघतात. २०२४ च्या मार्चमध्ये लिनक्समध्ये वापरतात त्या एक्सझेड नावाच्या छोट्या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) कुणीतरी असंच दार घुसवलं होतं. लॉगिनला अर्धा सेकंद उशीर का होतोय हे शोधताना ते एका इंजिनिअरला सापडलं, आणि तो नोकरीला होता मायक्रोसॉफ्टमध्ये!

टर्मिनलवेडा
सापडलं ना? सोर्स कोड सगळ्यांना खुला होता म्हणून सापडलं.

फ्लॉपीकाका
उशीर झाला म्हणून सापडलं.

एकांतवास
सुरक्षितता खरंच हवी असेल तर क्यूब्ज ओएस. प्रत्येक काम वेगळ्या आभासी मशीनमध्ये चालतं. बँक एकीकडे, ईमेल दुसरीकडे, संशयास्पद फाईल तिसरीकडे, वापरून झालं की ते मशीनच फेकून द्यायचं. मी रोजच्या कामाला हेच वापरतो. बाकी सगळं मला पोरखेळ वाटतं.

जांभूळवाट
त्याला १६ जीबी रॅम सांगतात. ताईंकडे ८ आहे आणि डिस्क फिरती. सुरू होईपर्यंत सासरेबुवा हिशेब वहीत लिहून मोकळे होतील.

एकांतवास
रॅम वाढवायची. एसएसडी टाकायची. त्यात काय एवढं?

चाफेकळी
:(

बिनधास्त_बोका
क्रोमओएस फ्लेक्स का नाही कुणी सुचवलं? गूगलची, फुकट, जुन्या मशीनसाठीच काढलेली. सिस्टीमच्या फायलींना कुणाला हात लावता येत नाही, अपडेट मागच्या मागे होतात, विंडोजच्या इएक्सई (प्रोग्रॅमच्या फायली) चालतच नाहीत. ज्याला फक्त ब्राउझर लागतो त्याच्यासाठी यासारखं दुसरं काही नाही. मात्र तुमचं मॉडेल त्यांच्या यादीत आहे का पाहा. अँड्रॉइडचे ॲप त्यावर चालत नाहीत आणि तुमची मॅक्रोवाली एक्सेल विसरा.

ओंजळभर
मी तर विंडोज ११ च टाकली, अशाच जुन्या मशीनवर. रूफस नावाचा प्रोग्रॅम अटी वगळून पेन ड्राइव्ह बनवून देतो. मस्त चालू आहे.

रात्रपाळी
चालते, पण मायक्रोसॉफ्ट म्हणते की अशा मशीनला अपडेट मिळण्याचा हक्क नाही. आज येतायत, उद्या थांबल्या तर तक्रार कुणाकडे करणार? शिवाय दरवर्षीची मोठी आवृत्ती आपणहून येत नाही, हाताने टाकावी लागते. सातव्या पिढीचं हेच दुखणं आहे. इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे अधिकृत मान्यता आहे, आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते.

फळवाला
म्हणून म्हणतो मॅक.

निमूट
मी इतका वेळ वाचतोय. व्हायरस आला कसा, हे कुणी विचारलंच नाही.

चाफेकळी
मुलाने गेममध्ये फुकट नाणी मिळवून देणारं काहीतरी उतरवलं. विंडोजच्या डिफेंडरने अडवलं. त्या पानावर लिहिलं होतं की अँटिव्हायरस चुकून अडवतो, तो आधी बंद करा. मग त्याने बंद केला.

निमूट
बंद करता आला, कारण त्याच्या खात्याला ॲडमिनचे अधिकार होते. बरोबर?

चाफेकळी
खातं एकच आहे. सगळे त्यातच.

निमूट
मग लिनक्स, मॅक, क्यूब्ज सगळं बाजूला ठेवा. दाराला सात कुलपं लावलीत आणि कडी आतून काढून देणारा घरातच असला तर कुलपाच्या कंपनीला काय विचारायचं? मिंट टाकलीत आणि पासवर्ड त्यालाही सांगितलात, तर उद्या कुठल्यातरी पानावर ‘ही ओळ टर्मिनलमध्ये (हुकूम टाइप करायच्या खिडकीत) चिकटवा’ असं असेल, तो चिकटवेल, पासवर्डही देईल. विंडोजवर हाच धंदा जोरात आहे. ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ म्हणून विंडोजचं बटण आणि आर दाबायला लावतात, कंट्रोल-व्ही, एंटर. संपलं.

ॲडमिनचं खातं वेगळं करा, त्याचा पासवर्ड फक्त तुमच्याकडे ठेवा. बाकी सगळ्यांना साधी खाती द्या, तुम्ही रोज वापरता तेही साधंच असू द्या. साध्या खात्यातून डिफेंडर बंद होत नाही. यंत्रणेत खोल जाणारं काही बसवायचं झालं की तुमचा पासवर्ड मागतो. साध्या खात्यातला चोर त्या खात्यापुरतं चोरू शकतोच, म्हणून मुलाचं खातं आणि बँकेचं खातं एक ठेवू नका.

टर्मिनलवेडा
लिनक्समध्ये हे पहिल्यापासूनच असं आहे. विंडोजला व्हिस्टापर्यंत सुचलं नव्हतं.

फ्लॉपीकाका
विंडोज एनटीमध्ये वेगळी खाती १९९३ पासून होती. लोक वापरत नव्हते ही गोष्ट वेगळी.

ओंजळभर
आणि मिंटवर मुलाचे गेम चालायला वाइन (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलंत तर विंडोजचे काही व्हायरसही त्यात चालतात बरं का. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वाइनमधून तुमच्या फोटोंपर्यंत पोचू शकतो.

रात्रपाळी
बरोबर. फोटोंची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवा आणि काम झालं की ती डिस्क काढून ठेवा. लावून ठेवलेली डिस्कही खंडणीवाला कुलूपबंद करतो.

अपडेट बंद करून बसलेल्या सरळमार्गींसाठी: मे २०१७ चा वॉनाक्राय नावाचा खंडणीवाला ज्या भोकातून शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी टाकलं नाही ते अडकले, ब्रिटनमधली सरकारी इस्पितळंसुद्धा.

सरळमार्गी
माझं इस्पितळ नाही.

कळफलक
विंडोज १० चं म्हणाल तर, डिफेंडरला नव्या व्हायरसची ओळख पटवणारे अपडेट २०२८ च्या ऑक्टोबरपर्यंत येणार आहेत. म्हणजे तोवर सुरक्षितच की.

रात्रपाळी
नाही. ते चोरांचे फोटो झाले. विंडोजमधली भोकं बुजवणारे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. मात्र घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा मुदत आहे, नोंदणी करावी लागते. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे लागत नाहीत. मी सुचवत नाहीये, माझं मत मिंटच. पण असा पर्याय आहे.

जांभूळवाट
चाफेकळी, मिंट टाकण्याआधी आहे त्या विंडोजवरच लिब्रेऑफिस (एक्सेलसारखं फुकट सॉफ्टवेअर, मिंटवरही चालतं) टाकून सासऱ्यांची फाईल उघडून बघा. मॅक्रो चालले तर तुमचा अर्धा प्रश्न सुटला.

चाफेकळी
सगळ्यांचे आभार. दोन-तीन दिवस खटपट केली. लिब्रेऑफिसमध्ये सासऱ्यांची फाईल उघडली, आकडे दिसले, पण ‘महिना बंद करा’ हे त्यांचं बटण चालेना. मिंट पेन ड्राइव्हवरून चालवली. दिसायला छान आहे, प्रिंटर चालला, स्कॅनर नाही.

तर मी सध्या विंडोज १० वरच राहतेय, त्या जादा मुदतीची नोंदणी करून. चार खाती केलीत, ॲडमिन फक्त माझ्याकडे. बँकेचं काम या मशीनवरून बंद, फोनवरून करणार. पासवर्ड सगळे बदलले. मेल वळवण्याचा एक नियम खरंच सापडला, तो काढला. रात्रपाळी, हे तुम्ही सांगितलं नसतं तर कळलंच नसतं.

टर्मिनलवेडा
एवढं सांगून शेवटी विंडोज. वर्षभराने परत याल.

एकांतवास
लोकांना सुरक्षितता नको असते, सोय हवी असते.

चाफेकळी
हिशेबाचं बटण चालणं ही सोय नाही, घरातली शांतता आहे. मुदत संपायच्या आत ती फाईल बिनमॅक्रोची करून घेणार, मग मिंटचं बघू.

एक अडचण. नोंदणीचा पर्याय अपडेटच्या पानावर दिसत नाहीये.

रात्रपाळी
आवृत्ती २२एच२ आहे का बघा. सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट. जुनी असेल तर आधी राहिलेले सगळे अपडेट टाका, मशीन बंद-चालू करा. आणि ॲडमिन खात्यातून बघा, साध्यातून नाही होणार.

चाफेकळी
साध्या खात्यातूनच बघत होते. आता दिसलं.

फळवाला
पुढच्या वर्षी मशीन घ्याल तेव्हा मला विचारा.