फलकावर 'पाणी सुरक्षित', पण काठाला हिरवा रंग ओतल्यासारखं दिसतंय. उतरायचं का?

काठावरची
मी चव्वेचाळिसाव्या वर्षी पोहायला शिकले, तेही थेट तळ्यात. दर रविवारी सकाळी आम्ही सहाजणी धक्क्यापासून पिवळ्या बोयापर्यंत जाऊन येतो. गेल्या शनिवारी संध्याकाळी धो धो पाऊस झाला आणि रविवारी आम्ही नेहमीसारख्या उतरलो. सोमवारी दोघींना जुलाब, तिसरीच्या पायांवर लाल पुटकुळ्या आणि खाज. मला काहीच झालं नाही. मी कासवासारखी मान वर काढून पोहते, बाकीच्या हसतात.

फलकावर तपासणीचा कागद लावलाय : ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) १०० मिलीमध्ये ४०, पोहण्यास योग्य. पण धक्क्याच्या डाव्या बाजूला पाण्यावर हिरवा साय-थर आलाय, सांडलेल्या ऑइलपेंटसारखा. वास मातकट. पुढच्या महिन्यात नऊ वर्षांचा भाचा येतोय, त्याला नेण्याचं कबूल करून बसलेय. विश्वास कशावर ठेवू, कागदावर की डोळ्यांवर?

आळशी_वल्हं
पंधरा वर्षं त्याच प्रकारच्या पाण्यात पडतोय. साधी सर्दी नाही. लोक हल्ली फार घाबरतात.

नमुनेवाला
मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून जरा लांब लिहितो.

आधी कागदावरची तारीख बघा. ई. कोलायची वाढ दिसायला साधारण १८ ते २४ तास लागतात, म्हणजे अगदी ताजा अहवालही कालच्या पाण्याचा असतो. पाऊस त्यानंतर झाला असेल तर तो कागद संपला. दुसरं, नमुना कुठून घेतला? होडीतून तळ्याच्या मधोमध घेतलेलं पाणी आणि नाल्याच्या तोंडाशी घेतलेलं पाणी, दोन्हीचा आकडा एक येत नाही. हे लेबलवर लिहिणारे फार थोडे.

४० हा आकडा वाईट नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१२ मध्ये पोहण्याच्या पाण्यासाठी १२६ ची मर्यादा सुचवली, पण ती महिनाभराच्या नमुन्यांच्या गुणोत्तरी सरासरीची. एका बाटलीवर निकाल देता येत नाही. शिवाय ई. कोलाय हा फक्त साक्षीदार. विष्ठा पाण्यात आली एवढंच तो सांगतो. तुमच्या हिरव्या थराबद्दल त्याला काहीच माहीत नाही.

तो थर सायनोबॅक्टेरियाचा, म्हणजे निळ्या-हिरव्या शेवाळाचा असू शकतो. हातमोजे घालून काडी बुडवा. केसांसारखे धागे लटकून आले तर बहुधा साधं शेवाळ, काडीला रंग फासल्यासारखं झालं तर संशय धरा. किंवा पारदर्शक बाटली पाऊण भरून रात्रभर फ्रिजमध्ये न हलवता ठेवा. हिरवं वर तरंगलं तर बहुधा सायनो, तळाशी बसलं तर बहुधा दुसरं काही. विष आहे की नाही हे यातून कळत नाही, पण न उतरण्याइतकं नक्की कळतं. आणि पाणी उकळून मायक्रोसिस्टिन, म्हणजे सायनोचं एक विष, जात नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात नळाच्या पाण्यात ते सापडलं तेव्हा लोकांना उकळूही नका असं सांगावं लागलं होतं. कुत्रं सोबत येत असेल तर त्याला आधी थांबवा. ते अंग चाटतं, त्याला जास्त डोस जातो.

पुटकुळ्यांचा विषय वेगळा वाटतो. बदकं आणि गोगलगायी यांच्यात फिरणाऱ्या परजीवीची अळी चुकून माणसाच्या कातडीत शिरते आणि तिथेच मरते. उथळ, कोमट पाण्यात हे जास्त. बाहेर आल्याबरोबर टॉवेलने खसाखसा पुसणं हाच उपाय. बदकांना काठावर खायला घालणाऱ्यांना मात्र प्रेमाने समजवा.

आणि तुमच्या कासवाला हसू नका म्हणावं. पोट बिघडतं ते गिळलेल्या पाण्याने. जलतरण तलावात पाऊण तासात मोठी माणसं सरासरी १६ मिली पाणी गिळतात, मुलं ३७. भाच्याचं गणित तुम्हीच करा.

आळशी_वल्हं
बरं बरं. पण इतकं मोजत बसलं तर पोहणार कधी?

नमुनेवाला
जोराच्या पावसानंतर निदान दोन दिवस सोडून, एवढंच. 'मला कधी काही झालं नाही' असं तुमच्यासारखंच १९९८ मध्ये अमेरिकेत इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डच्या ट्रायथलॉनआधी (पोहणं, सायकल, धावणं अशी शर्यत) कुणी म्हणालं असेल. आधी मुसळधार पाऊस, मग तळ्यात पोहणं. संपर्क झालेल्या ८३४ खेळाडूंपैकी ९८ आजारी पडले. लेप्टो, म्हणजे प्राण्यांच्या लघवीतून पाण्यात येणाऱ्या जंतूंचा ताप, निघाला. ताप यायला २ ते ३० दिवस लागू शकतात, तेव्हा डॉक्टरकडे गेलात तर 'तळ्यात पोहले होते' हे स्वतःहून सांगा. ते विचारणार नाहीत.

शिट्टी_गळ्यात
मी काठावर जीवरक्षक असतो. जंतूंबद्दल वरच्यांनी लिहिलंच आहे, मला फक्त गढूळपणाबद्दल बोलायचंय. स्वच्छ पाण्यात माणूस खाली गेला तर दिसतो. गढूळ पाण्यात दोन फुटांवर हात गेला की संपलं. बुडणारा बहुतेक वेळा ओरडत नाही, तोंड पाण्याशी आलेलं असतं. सेकीचा तवा माहीत असेल, १८६५ पासून वापरात आहे : पांढरी चकती दोरीला बांधून सोडायची, दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. आम्ही दर सकाळी करतो. भाच्याला नेणार असाल तर चकती एक मीटरच्या आत हरवली की त्याला कमरेपुढे नेऊ नका, आणि हाताच्या अंतरावर राहा. हाताच्या अंतरावर म्हणजे फोन खिशात ठेवून.

काठावरची
बाटली काल रात्री ठेवली. सकाळी वर हिरवं बोटभर, खाली पाणी नितळ. दोघींना फोटो पाठवला, एकीने फ्रिजमधून दूध काढून घेतलंय का असं विचारलं.

कागदाची तारीख बघितली, अकरा दिवसांपूर्वीची. नमुना कुठला ते लिहिलेलंच नाही. तसं विचारायला कार्यालयात गेले तर तिथल्या माणसाने बोटीच्या जेट्टीकडे हात केला. नाला दुसऱ्या टोकाला आहे.

या रविवारी सहाजणी काठाने चालणार. चकतीसाठी जुन्या ताटलीला भोक पाडून घेतलंय, भाचा आल्यावर त्यालाच दोरी धरायला देईन. जुलाबवाल्या दोघी बऱ्या आहेत, पण मान खाली घालून पोहणं सोडायचं की नाही यावर अजून वाद चालू आहे.