'बिसाइड हरसेल्फ विथ एक्साइटमेंट' मराठीत कसं आणायचं?

प्रश्न:
एका लघुपटाची मराठी सबटायटल्स करते आहे. सहा वर्षांच्या मुलीचे बाबा बऱ्याच महिन्यांनी घरी येणार आहेत. तिने चपला उलटसुलट पायांत घातल्यात आणि लिफ्टचा आवाज आला की दार उघडून बघतेय. आजी फोनवर सांगते, 'शी इज बिसाइड हरसेल्फ विथ एक्साइटमेंट.' मी 'ती खूप उत्साहित आहे' लिहिलं आणि लगेच खोडलं. त्या उलट्या चपला त्यात कुठेच येत नाहीत. आणि 'बिसाइड' म्हणजे शेजारी ना? मग स्वतःच्या शेजारी म्हणजे काय?

उत्तर १:
'आनंद गगनात मावेना' लिहा. सगळ्यांना कळतं.

उत्तर २:
गगनात न मावणारा आनंद पदरात पडलेला असतो. ही पोर अजून वाट बघतेय, म्हणून मला तो इथे पटत नाही.

'बिसाइड'चा एक जुना अर्थ 'बाहेर' असा होता. 'बिसाइड द पॉइंट'मध्ये तो टिकून आहे: मुद्द्याच्या बाहेरचं. तसा हा माणूस स्वतःच्या बाहेर गेलेला, ताब्यात न राहिलेला. १६११च्या किंग जेम्स बायबलमध्ये (बायबलच्या इंग्रजी भाषांतरात) रोमन सुभेदार फेस्टस ख्रिस्ती धर्मप्रचारक पौलाला हेच शब्द ऐकवतो, तेव्हा त्याला म्हणायचं असतं, 'तुला वेड लागलंय.' 'एक्स्टसी' म्हणजे परमानंद; त्या शब्दाच्या ग्रीक मुळातही स्वतःबाहेर उभं राहणंच आहे. आपलं 'भान हरपणं' याच जातीचं.

मात्र 'विथ'नंतर काय येतं ते नीट बघा. जॉय, ग्रीफ, रेज, वरी, काहीही येऊ शकतं. 'विथ' नसेलच, तर बहुतेकदा काळजी, दुःख नाहीतर संताप असतो. मुलगा रात्री उशिरापर्यंत घरी आला नाही, आई 'बिसाइड हरसेल्फ' होती, तर तिथे 'तिचा जीव थाऱ्यावर नव्हता' हेच हवं.

'हुरळून गेलीये' कृपया नको, त्यात खुळेपणाचा ठपका आहे. 'हर्षवायू' आजी फोनवर म्हणणार नाही. 'नुसती वेडी झालीये आनंदाने' चालेल.

उत्तर ३:
आमच्या घरी अशा वेळी म्हणतात, 'पोरीला दम निघत नाहीये.'

प्रश्नकर्ती:
'दम निघत नाहीये'! वाट बघणंही आलं आणि आजीचा आवाजही. 'सकाळपासून पोरीला दम म्हणून निघत नाहीये' असं लिहिलं. चित्रात त्याच वेळी ती चौथ्यांदा दार उघडते.