शेतीआधीची घरे : लेपेन्स्की वीर

शेती आल्यावरच माणूस एका जागी घर बांधून राहिला, हे मत नेहमी मांडले जाते; पण सर्बियातील डॅन्यूब नदीकाठच्या लेपेन्स्की वीर या प्राचीन वस्तीला ते लागू पडत नाही असे मला वाटते. तिथली समलंब चौकोनी घरे इ.स.पू. ६२०० च्या सुमाराची, म्हणजे शेतकरी समूह जवळ येऊ लागल्याच्या काळातली असली, तरी रहिवाशांचे पोट मुख्यतः नदीतल्या माशांवर आणि शिकारीवरच चालत होते. चुन्याच्या तांबूस गिलाव्याची घट्ट जमीन, मधोमध दगडांनी बांधलेली लांबट चूल आणि तिच्याजवळ बटबटीत डोळ्यांचा, माशासारखे तोंड असलेला कोरीव गोटा, हे सारे घराची रुंद बाजू नदीकडे ठेवून मांडलेले आहे. नदीवर बांधलेल्या धरणाचे पाणी चढण्यापूर्वी हे अवशेष उचलून वर हलवले, हे फार मोलाचे काम झाले.