मदत हवी आहे: नॅसकारमधल्या नवोदित चालकांची तुलना कशी करावी?

नमस्कार मंडळी, नॅसकारचा (अमेरिकेतली मोटार शर्यतींची मालिका) २००२चा मोसम पुन्हा अभ्यासतोय आणि एका जागी अडलोय. त्या वर्षी सर्वोत्तम नवोदिताचा मान रायन न्यूमनला मिळाला. पण दुसरा नवोदित जिमी जॉन्सन याने तीन शर्यती जिंकल्या, न्यूमनने एकच. एकूण गुणांतही जॉन्सन पाचवा, न्यूमन सहावा!

तेव्हा नवोदितांचे गुण वेगळे मोजत, आणि ३६ पैकी सर्वोत्तम १७ निकालच धरत, एवढं मला माहीत आहे. न्यूमन पहिल्या पाचात १४ वेळा आला, जॉन्सन ६ वेळा. शिवाय न्यूमनचे सहा पोल (पात्रता फेरीत सर्वात वेगवान ठरणं). त्यामुळे निवड मला पटते. पण वाईट दिवस असे सरळ वगळावेत का? नवख्याला शिकायला वाव मिळतो हे खरं, पण गाडी शाबूत ठेवून शेवटपर्यंत आणणं हेही कौशल्यच ना?

दोघांचा शर्यतवार तक्ता करतोय. इंजिन बिघडून किंवा दुसऱ्याच्या धडकेमुळे बाहेर पडलेल्या शर्यती कशा धराव्यात? आणि दोघांच्या संघांतला फरक कसा वजा करावा? सहकाऱ्याशी तुलना पुरेल का? कुणी असं काम केलं असेल तर पद्धत जरूर सांगा.