मदत हवी आहे: ३२ आठवड्यांना बाळाचं वजन कमी दाखवलंय, दोन सेंटरचे रिपोर्ट जुळवायचे कसे?

नमस्कार मंडळी, मी घणसोलीला राहते, पहिलंच बाळंतपण आहे. परवा वाशीला ग्रोथ स्कॅन झाला, त्यात बाळाचं वजन १६१० ग्रॅम आणि ७वा पर्सेंटाइल आलाय (म्हणजे तेवढ्याच आठवड्यांच्या शंभरातली साधारण सातच बाळं याहून लहान असतात). त्याआधीचा स्कॅन २८ आठवडे झाले तेव्हा ठाण्याला केला होता, डोहाळजेवणासाठी माहेरी गेले होते म्हणून तिथेच उरकून घेतला, तेव्हा १०९० ग्रॅम आणि २२वा पर्सेंटाइल होता. म्हणजे चार आठवड्यांत ५२० ग्रॅम वाढलं पण पर्सेंटाइल घसरला. डोकं आणि मांडीचं हाड व्यवस्थित आहे, पोटाचा घेर म्हणजे एसी तेवढा मागे पडलाय. डॉपलर (नाळेतला आणि बाळाचा रक्तप्रवाह बघतात ते) नॉर्मल, बाळाभोवतीचं पाणी १२ सेंटीमीटर, बीपी आणि शुगर ठीक, हिमोग्लोबिन १०.२ आहे, गोळ्या चालू आहेत.

डॉक्टर म्हणाल्या दोन आठवड्यांनी डॉपलरसकट परत स्कॅन करू, तोपर्यंत बाळाच्या हालचालींकडे नीट लक्ष ठेव. तिथे पटलं पण घरी आल्यापासून डोक्यातून जात नाहीये. मशीन काही वजन करत नाही, डोकं पोट हाड मोजून हॅडलॉकच्या फॉर्म्युल्याने अंदाज काढतं आणि त्यात १०-१५ टक्के इकडेतिकडे होऊ शकतं असं त्यांनीच सांगितलं. १५ टक्के धरले तर बाळ १३७० पण असेल आणि १८५० पण! १८५० असेल तर काही प्रश्नच नाही, आणि १३७० असेल तर मी दोन आठवडे गप्प कशी बसू? स्कॅन चालू असताना मी स्क्रीनकडेच बघत होते, बाळ सारखं वळत होतं त्यामुळे पोटाभोवतीची ती ठिपक्यांची लंबगोल रेघ त्यांनी तीनदा ओढली आणि प्रत्येक वेळी आकडा थोडा वेगळा आला.

सासूबाई म्हणतात पोट लहानच दिसतंय, दिवसाला दोन डिंकाचे लाडू खा. आई म्हणते तू स्वतः सव्वादोन किलोची होतीस, आपल्याकडे सगळी लहान चणीचीच (माझी उंची पाच फूट आहे). मला विचारायचंय ते हे की सेंटर बदलल्यामुळे एवढा फरक पडू शकतो का, पुढचा स्कॅन ठाण्याला करू की वाशीलाच, आणि खाणं वाढवून बाळाचं वजन खरंच वाढतं का? ज्यांना असा अनुभव आहे त्यांनी प्लीज लिहा.

प्रतिसाद:
ताई, आधी एक सांग, ईडीडी म्हणजे बाळंतपणाची तारीख कुठल्या स्कॅनवरून धरलीय? पहिल्या तीन महिन्यांतल्या सीआरएलवरून (बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी) धरली असेल तर तीच पक्की, आता बाळ लहान दिसतंय म्हणून तारीख पुढे ढकलायची नसते. दुसरं, दोन्ही रिपोर्टवर पर्सेंटाइल कुठल्या चार्टने काढलाय ते बघ. हॅडलॉक वेगळा, इंटरग्रोथ वेगळा (२०१४ मध्ये आला, आठ देशांत अभ्यास झाला त्यात आपलं नागपूर पण होतं). चार्ट बदलला की त्याच बाळाचा पर्सेंटाइल बदलतो, त्यामुळे ग्रॅम आणि एसीचे मिलिमीटर शेजारी शेजारी लिहून काढ. माझ्या धाकटीच्या वेळी कळव्याला असंच झालं होतं, डॉपलर शेवटपर्यंत चांगला राहिला, ती ३८ आठवड्यांना २३५० ग्रॅमची झाली आणि छान आहे. पण डॉक्टरांनी एकही स्कॅन चुकवू दिला नव्हता, ते मात्र तू पण पाळ.

धागाकर्ती:
थँक्यू ताई, खूप धीर आला. ईडीडी आठव्या आठवड्याच्या सीआरएलवरूनच आहे, पाळीच्या तारखेशी पण जुळते. चार्ट दोन्हीकडे हॅडलॉकच आहे, आत्ताच बघितलं. म्हणजे चार्टमुळे फरक नाही.

प्रतिसाद:
मग आकडा फेकून देऊ नकोस आणि घाबरू पण नकोस. वारेतून पुरवठा कमी पडायला लागला तर बाळ मेंदूला आधी देतं, लिव्हरमधला साठा कमी होतो आणि म्हणून पोटाचा घेर आधी मागे पडतो, डॉक्टर एसीकडे एवढं बघतात ते त्यासाठीच. डॉपलर नॉर्मल असणं ही खरोखर चांगली गोष्ट आहे, आई-बाबांची चण लहान असली की निरोगी बाळ पण दहाव्या पर्सेंटाइलच्या खाली येतं. दोन्हीतलं काय आहे ते पुढच्या मोजमापावरूनच कळणार आणि दोन आठवड्यांच्या आत मोजलं तर खरी वाढ किती आणि मोजण्यातला फरक किती हे वेगळं काढता येत नाही, म्हणून ते अंतर. वाशीलाच जा, शक्यतो त्याच डॉक्टरांकडे. लाडू खा, हिमोग्लोबिनकडे लक्ष दे, पण अडचण वारेची असेल तर लाडवांनी ती सुटत नाही, हे सासूबाईंना प्रेमाने सांग. आणि हालचाल कमी वाटली तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठ, रात्र असली तरी.

धागाकर्ती:
हे सगळं नवऱ्याला वाचून दाखवलं. वाशीचीच अपॉइंटमेंट पक्की करतेय, ठाण्याचा रिपोर्ट पण सोबत नेते म्हणजे त्यांना दोन्ही एसी समोर ठेवता येतील. हालचालींसाठी वही केलीय, जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून लिहिते. रिपोर्ट आला की इथेच टाकते. आणि कोणाला ३४ आठवड्यांनंतर अशा केसमध्ये स्कॅन किती दिवसांनी सांगितले होते तेही लिहा ना, माहेरी कधी जायचं ते त्यावरच ठरवायचंय.