मदत हवी आहे: सोमवारची सुट्टी पाळायची कशी?

सलाम मंडळी. मी नगर जिल्ह्यात एका चर्चचा पाळक (पास्टर) आहे, वय 63, रिटायर व्हायला अजून 2 वर्षं. रविवार उपासना, संडे स्कूल, घरसभा यात जातो म्हणून सोमवार सुट्टीचा ठरवलाय, पण तो कागदावरच. परवा नातीला पोहायला न्यायचं कबूल केलेलं, पोर खांद्यावर टॉवेल टाकून दारात उभी आणि फोन वाजला, नव्या गाडीची प्रार्थना आजच पाहिजे म्हणे. गेलो. मिसेस काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

फोन सायलेंट ठेवून पाहिला, तर लोक सरळ घरी येतात (घर चर्चच्याच आवारात आहे ना). चर्चचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीत विषय काढला, सगळे हो म्हणाले आणि पुढच्याच सोमवारी त्यांच्यातल्याच एकाचा फोन! दुसरा पाळक नाही, मदतनीस ठेवायला फंड नाही. मयत किंवा आयसीयू असेल तर मी कधीही जाणारच, तो प्रश्न नाही. डिसेंबर आणि लेंटचे (ईस्टरआधीच्या उपासकाळाचे) 40 दिवसही सोडून द्या.

बाकीच्या सोमवारी एल्डर-डीकन (चर्चमधले वडीलधारे आणि सेवक) लोकांनी आळीपाळीने फोन घ्यायचे अशी पद्धत तुमच्याकडे कुणी बसवलीय का, आणि चर्चच्या मंडळीला न दुखवता ती पहिल्यांदा सांगितली कशी, रविवारच्या उपासनेतल्या जाहिरातीत की घरोघरी जाऊन?