घाईत छोटं पिस्तूल घेतलं, हाताला बसत नाहीये. ठेवू का विकू?

डीएफडब्ल्यूकर

नमस्कार मंडळी. डॅलसच्या उत्तरेला राहतो, ग्रीन कार्ड येऊन एक वर्ष झालं. गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत दोन घरांची गॅरेज फोडली. तेव्हापासून बायकोला झोप नाही आणि मलाही नाही. त्या शनिवारी दुकानात नुसतं बघून येतो म्हणून गेलो आणि पाऊण तासात .३८० चं (हे गोळीचं माप) एक इवलंसं पिस्तूल घेऊन बाहेर पडलो. फॉर्म ४४७३, म्हणजे बंदूक घेतानाचा सरकारी फॉर्म, भरला, बॅकग्राऊंड चेक काही मिनिटांत क्लिअर झाला, टेक्सासमध्ये वेटिंग पिरियड नाहीच. काउंटरवर हातात घेतलं तेव्हा मोबाईलपेक्षा जरासंच जड लागलं, वाटलं खिशात मावेल, बायकोच्या हातातही बसेल, लहान आहे म्हणजे झटकाही लहान असेल.

रेंजवर गेल्यावर सगळं उलटं निघालं. सात यार्डावर कागद लावला, पहिल्या सहा गोळ्यांतल्या दोन कागदाला लागल्या, त्याही खाली डावीकडे. करंगळीला ग्रिपवर जागाच नाही, ती खाली लोंबकळते. तीस राउंड, म्हणजे गोळ्या, होईपर्यंत अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी लाल झाली आणि पुढच्या गोळीच्या आधीच हात आपोआप आवळायला लागला. बायकोला तर स्लाईड, म्हणजे गोळी भरायला मागे ओढायचा वरचा भाग, ओढताच आली नाही.

आता त्याच दुकानात एका जरा मोठ्या ९ एमएमवर सेल लागलाय आणि रविवारपासून तेच डोक्यात घोळतंय. परत तीच घाई होऊ नये म्हणून आधी विचारतोय. चूक माझ्या हाताची आहे का पिस्तूलच मला सूट होत नाहीये? आणि घरात पाच वर्षांची मुलगी आहे हे आधीच सांगून ठेवतो.

---

ह्यूस्टनची मावशी

अहो दादा, तुमचा हात चुकतोय हे थोडंफार खरं असेल पण मुख्य कारण वजन आहे. तेच काडतूस हलक्या पिस्तुलातून उडवलं की झटका हाताला जास्त लागणारच, तो जिरवायला लोखंडच नाही ना. रुगर कंपनीची एलसीपी, असंच .३८० चं छोटं पिस्तूल, २००८ मध्ये आली तेव्हापासून ही खिशातल्या पिस्तुलांची लाट आहे, रिकामी असताना साधारण पावणेतीनशे ग्रॅम भरते. ग्लॉक १९, मध्यम आकाराचं ९ एमएम, याच्या दुपटीहून जड. नळी पावणेतीन इंच, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या खुणा (साईट) इतक्या जवळ की मनगट केसभर हललं तरी सात यार्डावर चार बोटं फरक पडतो. ही पिस्तुलं शिकायला सगळ्यात अवघड असतात आणि दुकानात नवीन माणसाला, त्यातून बाईला, हटकून हीच दाखवतात. मलाही पहिल्यांदा हेच दिलं होतं, वर्षभर मला वाटत राहिलं की आपल्याला हे जमणारच नाही. नंतर क्लासच्या बाईंनी पूर्ण आकाराचं ९ एमएम हातात दिलं आणि पहिल्याच दिवशी सगळ्या गोळ्या कागदावर.

खाली डावीकडे का जातंय ते शोधायचं असेल तर डमी राउंड आणा, त्यांना स्नॅप कॅप म्हणतात. मॅगझिन, म्हणजे गोळ्यांचा खोका, दुसऱ्या कुणालातरी भरायला सांगा, खऱ्या गोळ्यांत एखादी डमी मिसळून, तुम्हाला कुठली कधी येणार ते कळता कामा नये. डमीवर ट्रिगर दाबला की आवाज नाही, झटका नाही, आणि तरीही पिस्तुलाचं तोंड खाली डुबकी मारताना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. उजव्या हाताने मारणाऱ्याची गोळी खाली डावीकडे जायचं हे नेहमीचं कारण, हात झटक्याला आधीच घाबरलेला असतो. एकदा ते दिसलं की सुधारता येतं. फक्त लाल झालेल्या हाताने शिकायला बसू नका.

बायकोसाठी सांगते, स्लाईड डाव्या हाताने वरून मुठीत घट्ट धरायची आणि उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकलायचं, नुसतं मागे ओढत बसायचं नाही. बोट ट्रिगरच्या बाहेर, तोंड कायम समोर. पण इवल्या पिस्तुलाच्या स्लाईडला धरायला जागाच कमी. स्मिथ अँड वेसनची शील्ड ईझी, .३८० मधलीच, २०१८ ला मुद्दाम सोप्या स्लाईडसाठी काढलेली आहे. ती भाड्याने घेऊन वहिनींना मारून बघू दे. तुम्ही त्यांच्यासाठी निवडू नका, त्यांचा हात निवडेल.

---

बे एरिया बंड्या

मावशींशी सहमत. मी घाईबद्दल लिहितो कारण त्यातून गेलोय. आमच्याकडे कॅलिफोर्नियात पैसे भरल्यावर दहा दिवस थांबावंच लागतं. माझ्या गाडीची काच फोडली होती, रागाच्या भरात जाऊन ऑर्डर दिली, पहिले दोन दिवस त्या नियमाला शिव्या घातल्या. पाचव्या दिवशी मात्र शांतपणे बसून विचार केला की हे मी कशासाठी घेतोय. घरासाठी? मग खिशात मावायची गरज काय? रोज जवळ बाळगणार? ऑफिसमध्ये चालत नाही, मुलांच्या शाळेच्या आवारात नेता येत नाही, म्हणजे दिवसातून चार वेळा गाडीत काढून ठेवणार, आणि चोरी तर गाडीतूनच झाली होती. कॅन्सल केलं, थोडे पैसे कापले गेले. नंतर चार महिन्यांनी क्लास करून जे घेतलं ते अजून आहे.

तुमच्याकडे सरकार थांबवत नाही तर तुम्ही स्वतः थांबा. सेल परत येतो. वापरलेलं पिस्तूल विकताना मात्र चांगलाच फटका बसतो, त्यामुळे सेलमध्ये वाचलेले पैसे तिकडे जातात. रेंजवर भाड्याने तीन-चार मॉडेल घ्या, प्रत्येकातून पन्नास तरी गोळ्या. सिग पी३६५ बघा, २०१८ पासून आहे, साधारण पाचशे ग्रॅम, आकार लहानच पण दहाचं मॅगझिन. ९ एमएम आणि .३८० च्या गोळीचा व्यास जवळपास सारखाच, .३८० च्या काडतुसाचं नळकांडं १९ ऐवजी १७ मिलिमीटरचं एवढाच आखूडपणा, पण ९ एमएमला दाब बराच जास्त, म्हणून हलक्या पिस्तुलात ती अजून लागते. आकडे वाचून ठरवू नका.

आणि एक गोष्ट आपल्या लोकांना माहीत नसते. एच-१बी, एफ-१, बी-२ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगता येत नाहीत, शिकारीचं वैध लायसन्स वगैरे मोजके अपवाद सोडले तर. रेंजवर हातात घेणंही त्यात येऊ शकतं. तेव्हा आईबाबा आले म्हणून त्यांना हौसेने रेंजवर नेऊ नका, मित्रांनाही विचारून न्या.

---

कृष्णाकाठ

मी सांगलीकडचा, मला पिस्तुलातलं कळत नाही पण मुलीचं वाचून राहवलं नाही. आमच्या आजोबांकडे बारा बोअरची दुनळी होती, लायसन्सवर. अर्ज, पोलिसांची चौकशी, कशाला पाहिजे ते पटवून द्यायचं, घाईत घ्यायचा प्रश्नच नव्हता. निवडणूक लागली की चौकीत जमा करून पावती आणायचे. घरात बंदूक एका कपाटात आणि काडतुसं दुसऱ्या, दोन्ही किल्ल्या करदोड्याला बांधलेल्या, आंघोळीलासुद्धा सोडायचे नाहीत. आम्ही नऊ नातवंडं सुट्टीत त्या घरात हुंदडायचो, एकालाही ती किल्ली कधी हाताला लागली नाही. तुमचं पिस्तूल आत्ता, हे वाचताना, नेमकं कुठे आहे?

---

ह्यूस्टनची मावशी

कृष्णाकाठ दादा, बरं विचारलंत. टेक्सासमध्ये भरलेली बंदूक निष्काळजीपणे ठेवली आणि ती १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाताला लागली तर तो गुन्हाच आहे. पण कायदा राहू दे बाजूला. पाच वर्षांच्या पोरीला तुमच्या उशाखालचा, पर्समधला, कपाटाच्या वरच्या फळीवरचा खाऊ सापडतो ना? मग हेही सापडेल. बोटाच्या किंवा आकड्यांच्या कुलपाची छोटी तिजोरी भिंतीला नाहीतर पलंगाला बोल्ट करून बसवा, दुसऱ्या पिस्तुलाच्या आधी ती.

---

डीएफडब्ल्यूकर

सगळ्यांचे मनापासून आभार. कृष्णाकाठ दादा, तुमचा प्रश्न वाचला तेव्हा ते कपाटात स्वेटरच्या घडीखाली होतं, मॅगझिन आत. उठून लगेच रिकामं केलं, गोळ्या गाडीच्या डिकीत कुलपात टाकल्या आणि तिजोरी मागवली. काल संध्याकाळी ती पलंगाच्या पायाला बसवली, कोड फक्त आम्हा दोघांना माहीत.

रेंजवरही जाऊन आलो. डमीचा प्रयोग केला, तिसऱ्या राउंडला डमी आली आणि पिस्तुलाचं तोंड चांगलं दोन बोटं खाली गेलं, शेजारच्या लेनमधल्या म्हाताऱ्याने बघून नुसती मान हलवली. मग भाड्याने एक पूर्ण आकाराचं ९ एमएम घेतलं, त्यात दहापैकी आठ कागदाच्या मधोमध. बायकोने ईझीची स्लाईड पहिल्याच झटक्यात ओढली, बराच वेळ हातात धरून बसली होती, पण म्हणाली मला आधी शिकायचंय, घ्यायचं का ते नंतर ठरवू. तेव्हा सेलवालं घेत नाहीये. .३८० तूर्त तिजोरीतच, विकायचं का ते क्लास झाल्यावर बघतो. शनिवारी सकाळी नऊचा बिगिनर क्लास आहे, दोघांची नावं घातलीत, पोरगी शेजारच्या काकूंकडे.